शॉर्ट ॲक्सिस की लाँग ॲक्सिस : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय डॉक्टर,

सेंट्रल लाइन (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत घातली जाणारी नळी) आणि सोनोग्राफी या विषयावरील माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. आपले आक्षेप मला असे समजले आहेत : मानेतील जुगुलर शिरेत सुई घालताना केवळ शॉर्ट ॲक्सिसवर विसंबू नये हे माझे म्हणणे पुराव्याला धरून नाही, कारण दोन्ही पद्धतींची थेट तुलना झाली तेव्हा शॉर्ट ॲक्सिसच सरस ठरली, सोनोग्राफीने गुंतागुंत घटते हे एकदा सिद्ध झाल्यावर प्रोब (सोनोग्राफी मशीनचा त्वचेवर धरायचा भाग) आडवा धरावा की उभा ही चर्चा निव्वळ पुस्तकी आहे, आणि या सगळ्या भरात नवी पिढी लँडमार्क पद्धत (मशीनशिवाय, शरीरावरच्या खुणांवरून शीर शोधणे) विसरत चालली आहे, जिच्यावर मशीन नसलेल्या रुग्णालयांना आजही काम भागवावे लागते. पहिल्या दोन मुद्द्यांशी मी सहमत नाही; तिसऱ्याशी अर्धी सहमत आहे.

जे वाचक या क्षेत्रातले नाहीत त्यांच्यासाठी एवढेच सांगते की शॉर्ट ॲक्सिसमध्ये, म्हणजे प्रोब आडवा धरल्यावर, शीर काकडीच्या चकतीसारखी गोल दिसते आणि लाँग ॲक्सिसमध्ये, म्हणजे तो उभा धरल्यावर, उभ्या फाकेसारखी लांबट. पहिल्या दृश्यात शेजारची कॅरॉटिड धमनी शिरेच्या बाजूला आहे की तिच्या खाली सरकली आहे हे एका नजरेत कळते, परंतु सुई ध्वनिलहरींच्या प्रतलाला छेदून जात असल्यामुळे तिचा केवळ एक ठिपका दिसतो. दुसऱ्या दृश्यात सुईचा दांडा आणि टोक दोन्ही दिसतात, पण शेजारी काय आहे ते पडद्यावरून नाहीसे होते.

आपण ज्या अभ्यासाचा दाखला दिलात तो २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात ९९ रुग्ण होते आणि पहिल्याच प्रयत्नात शिरेत पोहोचण्याचे प्रमाण शॉर्ट ॲक्सिसमध्ये ९८ टक्के, तर लाँग ॲक्सिसमध्ये ७८ टक्के होते. हे आकडे मी नाकारत नाही. शॉर्ट ॲक्सिस शिकायला सोपी आहे आणि तिने शीर लवकर सापडते हे माझ्या लेखातही होते. माझा आक्षेप या आकड्यांतून काढलेल्या निष्कर्षाला आहे. पहिल्या प्रयत्नात रक्त येणे ही एक गोष्ट आहे आणि सुई शिरेच्या मागच्या भिंतीतून पलीकडे न जाणे ही दुसरी. सुई आरपार जाऊन मागे ओढताना शिरेत रक्त लागले, तरी नोंदवहीत तो यशस्वी पहिला प्रयत्नच ठरतो. शिवाय धमनीला इजा होणे ही विरळ घटना आहे. पन्नास रुग्णांच्या गटात ती एकदाही घडली नाही, तरी तिचे खरे प्रमाण सहा टक्क्यांपर्यंत असू शकते, हे साधे संख्याशास्त्र आहे. म्हणून एवढ्या लहान अभ्यासातून सोय सिद्ध होते. सुरक्षितता सिद्ध होत नाही.

मागच्या भिंतीचा प्रश्न किती गंभीर आहे हे ब्लेवास आणि अधिकारी या आडनावांच्या दोन संशोधकांनी २००९ साली दाखवले. सोनोग्राफीचे प्रशिक्षण घेतलेल्या २५ निवासी डॉक्टरांना त्यांनी कृत्रिम मॉडेलवर शॉर्ट ॲक्सिसने जुगुलर शिरेत सुई घालायला सांगितली, आणि त्यांपैकी १६ जणांची, म्हणजे ६४ टक्क्यांची, सुई मागच्या भिंतीतून पार झाली. मॉडेल म्हणजे रुग्ण नव्हे, हा आपला संभाव्य आक्षेप मान्य आहे, पण चुकीचे मूळ भूमितीत आहे आणि भूमिती रुग्णातही तीच राहते. समजा शिरेचा मध्य त्वचेखाली १ सेंटिमीटर खोल आहे आणि प्रोबच्या १ सेंटिमीटर मागून ४५ अंशांच्या कोनात सुई घातली. ती सुमारे १.४ सेंटिमीटर आत गेली की टोक बरोबर शिरेच्या मध्यावर येते आणि पडद्यावर पांढरा ठिपका उमटतो. हात तसाच पुढे जाऊन सुई ३ सेंटिमीटर आत गेली, तर टोक दोन सेंटिमीटरांहून अधिक खोल पोहोचलेले असते. पडद्यावर मात्र तोच ठिपका त्याच जागी, शिरेच्या मधोमध, दिसत राहतो, कारण आता तो टोकाचा नसून दांड्याचा छेद असतो. रुग्णाच्या शरीरात पाणी कमी असेल तर यात आणखी भर पडते : सुईच्या दाबाने शिरेची पुढची भिंत खचून मागच्या भिंतीला टेकते आणि एकाच धक्क्यात दोन्ही भिंती भेदल्या जातात. डोके विरुद्ध बाजूला फार वळवले तर शीर धमनीच्या वर येते, आणि मग मागच्या भिंतीपलीकडे थेट कॅरॉटिडच असते.

याचा अर्थ शॉर्ट ॲक्सिस सोडून द्यावी असा होत नाही, आणि मी तसे लिहिलेही नव्हते. तिच्यातच टोकाचा माग काढण्याची एक रीत आहे. ठिपका दिसला की सुई थांबवायची, प्रोब किंचित पुढे सरकवून ठिपका नाहीसा करायचा, मग तो पुन्हा उमटेपर्यंतच सुई पुढे न्यायची, आणि हे शिरेत शिरेपर्यंत, किंबहुना शिरल्यानंतरही काही मिलिमीटर, करत राहायचे. जो हे नेमाने करतो त्याच्याविरुद्ध माझी कसलीही तक्रार नाही. परंतु आयसीयूमध्ये घाईच्या वेळी प्रोब एका जागी रोवून केवळ सुई पुढे ढकलली जाते, असेच मला अधिक वेळा दिसते, आणि माझा लेख त्या सवयीबद्दल होता.

लाँग ॲक्सिसचे दोषही येथे मांडायला हवेत, कारण मी तिच्या प्रेमात पडले आहे असे आपण सुचवले आहे. ध्वनिलहरींचा पट्टा अतिशय पातळ असतो. हात थोडासा कलला तरी पडद्यावर शिरेऐवजी धमनीची नळी येऊ शकते आणि दोन्ही नळ्या दिसायला सारख्याच असतात; दाबून पाहिले किंवा कलर डॉप्लर (रक्ताचा प्रवाह रंगांत दाखवणारी सोय) लावला तरच फरक कळतो. आखूड मानेच्या रुग्णात, किंवा लहान मुलात, प्रोब उभा धरायला जागाच नसते. त्यामुळे जुगुलरसाठी शीर शोधण्याचे व शेजार पाहण्याचे काम शॉर्ट ॲक्सिसमध्ये करावे, हे आपले मत मलाही मान्य आहे. प्रोब तिरका धरून सुई पूर्ण लांबीत आणि शीर व धमनी शेजारी शेजारी दिसतील असे दृश्य घेणे हा मधला मार्ग आहे. हात बसायला वेळ लागतो, पण ज्यांना दोन्ही मूळ पद्धती येतात त्यांनी तो अवश्य शिकावा.

आता आपला दुसरा मुद्दा. २०१५ सालच्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण) जुगुलरसाठी ३५ अभ्यास आणि ५१०८ रुग्ण होते, आणि सोनोग्राफीमुळे एकूण गुंतागुंत ७१ टक्क्यांनी व चुकून धमनी टोचली जाण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले. पण ही तुलना सोनोग्राफी आणि लँडमार्क यांची आहे. प्रोब कसा धरावा यावर ते आकडे मौन आहेत. शिवाय जे उरते त्याचे काय? २००६ साली काराकित्सोस आणि सहकाऱ्यांनी ९०० रुग्णांवर केलेल्या अभ्यासात लँडमार्क गटात १०.६ टक्के रुग्णांची कॅरॉटिड टोचली गेली, तर सोनोग्राफी गटात १.१ टक्के. फरक प्रचंड आहे, तरीही तो १.१ टक्का शून्य नाही. मशीन समोर असताना झालेल्या त्या इजा तंत्राशी संबंधित आहेत, आणि ‘पुस्तकी’ चर्चा नेमकी त्यांच्याविषयी आहे.

ही चर्चा पुस्तकी नाही याचा सर्वांत ठळक पुरावा मात्र मानेत नसून गळपट्टीच्या हाडाखाली (कॉलरबोनखाली) आहे. २०१५ च्या ‘थ्री साइट्स’ अभ्यासात सबक्लेव्हियन जागेत, म्हणजे या हाडाखालच्या शिरेत, रक्तातील जंतुसंसर्ग आणि रक्ताची गुठळी यांचे एकत्रित प्रमाण जुगुलर व मांडीच्या शिरेपेक्षा कमी आढळले, पण छातीत नळी घालावी लागेल असा न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाभोवती हवा साठणे) १.५ टक्के झाला, जुगुलरमध्ये तो ०.५ टक्के होता. म्हणजे अनेक दिवस ठेवायच्या लाइनसाठी ही जागा चांगली आणि टाकण्याच्या क्षणी धोक्याची. हाडाच्या सावलीमुळे थोडे बाहेरच्या बाजूला सरकून, जेथे ती शीर ॲक्सिलरी म्हणवते तेथे प्रोब ठेवावा लागतो, आणि तिच्या खाली थोड्याच अंतरावर प्ल्यूरा (फुप्फुसाचे आवरण) असतो. येथे टोक न दिसता सुई पुढे नेणे म्हणजे फुप्फुसावर पैज लावणे होय. फ्रागू आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ४०१ रुग्णांत लाँग ॲक्सिस वापरून सोनोग्राफीखाली १०० टक्के यश नोंदवले आणि एकही न्यूमोथोरॅक्स झाला नाही. लँडमार्क गटात यश ८७.५ टक्के आणि न्यूमोथोरॅक्स ४.९ टक्के होता. या जागेसाठी लाँग ॲक्सिसचा आग्रह मी सोडणार नाही.

लँडमार्कबद्दल. तालुक्याच्या रुग्णालयात मशीन नसते, असते तर ते रेडिओलॉजी विभागात कुलूपबंद असते, आणि गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे प्रत्येक मशीनची नोंदणी करावी लागत असल्याने आयसीयूसाठी वेगळे मशीन घेणे व्यवस्थापनाला नकोसे वाटते, हे आपण लिहिले आहे. अडचण खरी आहे. मात्र ती नोंदणीची अडचण आहे, वैद्यकीय कारण नव्हे, आणि नोंदणी करून आयसीयूत मशीन ठेवणारी रुग्णालयेही आहेत. मशीन उपलब्ध होईपर्यंत लँडमार्क शिकवावीच लागेल, येथवर मी आपल्याबरोबर आहे. फक्त अशा ठिकाणी, रक्त गोठण्यात दोष असलेल्या रुग्णात, मानेऐवजी मांडीची शीर निवडावी असे मला वाटते, कारण तेथे चूक झाली तरी बाहेरून दाबता येते.

एक तडजोड मात्र मला मान्य नाही : मशीनने शीर पाहून त्वचेवर खूण करायची, मशीन बाजूला ठेवायचे, आणि केसपेपरवर ‘यूएसजी गायडेड’ (सोनोग्राफीच्या साहाय्याने) असे लिहायचे. २००५ साली २०१ रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात सुई डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या प्रयत्नांचे यश ९८ टक्के, केवळ खूण करून केलेल्यांचे ८२ टक्के आणि लँडमार्कचे ६४ टक्के होते. खूण करणे लँडमार्कपेक्षा बरे, पण तिला दुसऱ्याचे नाव देऊ नये.

नवशिक्यांना नेमके काय शिकवावे, असे आपण शेवटी विचारले आहे. जुगुलरसाठी आधी शॉर्ट ॲक्सिस, पण टोकाचा माग काढण्याच्या रीतीसह आणि आधी मॉडेलवर. ॲक्सिलरीसाठी लाँग ॲक्सिस, तीही जुगुलरवर हात बसल्यानंतर. आणि दोन्हींमध्ये, गाइडवायर (सुईतून शिरेत सरकवायची बारीक तार) आत गेल्यावर ती शॉर्ट आणि लाँग अशा दोन्ही दृश्यांत शिरेच्या आत दिसेपर्यंत डायलेटर (भोक रुंद करणारी नळी) हातात द्यायचा नाही, कारण वायर शिरेतून आरपार धमनीत गेलेली असू शकते आणि बारीक सुईने पडलेले भोक बहुधा दाबून थांबते, डायलेटरने पडलेल्या भोकासाठी मात्र व्हॅस्क्युलर सर्जनला (रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकाला) बोलवावे लागते.