नवव्या ठोक्याची पोच

तापमान मोजणारा माझा चिमुकला सेन्सर मौनात गेला, तेव्हा बिघाड शोधायला एखादे उपकरण घ्यावे असे मी ठरवले आणि बिघाड राहिला बाजूला, उपकरणाचाच शोध सुरू झाला. ऑसिलोस्कोप म्हणजे तारेवरच्या व्होल्टेजचा चढउतार पडद्यावर काढून दाखवणारे यंत्र. १०० मेगाहर्ट्झचा ऑसिलोस्कोप १०० मेगाहर्ट्झचा सिग्नल दाखवतो खरा, पण त्याची उंची सुमारे ७० टक्क्यांवर आणून. शिवाय चौकोनी लहर चौकोनी दिसायची तर तिच्या वारंवारतेच्या निदान पाचपट बँडविड्थ, म्हणजे स्कोपची ती मेगाहर्ट्झमधली कुवत, हवी, हे ज्ञान मला झाले. सेन्सर आणि त्याच्याशी बोलणारी मायक्रोकंट्रोलर ही चिप यांच्यातली माझी आयटूसीची, म्हणजे एक घड्याळाची आणि एक माहितीची अशा दोन तारांची, जोडणी १०० किलोहर्ट्झवर चालत होती, म्हणजे या हिशेबाने अर्धा मेगाहर्ट्झही पुरला असता. तरीही १०० घ्यावा की २००, या विवंचनेत मी महिना घालवला.

अखेर कंटाळून आठ चॅनेलचा, सेकंदाला २ कोटी ४० लाख नमुने घेणारा, काडेपेटीएवढा लॉजिक ॲनालायझर आणला; तो व्होल्टेज दाखवत नाही, तारेवर ‘एक’ आहे की ‘शून्य’ एवढेच सांगतो. त्याने दोन्ही तारांवर काटकोनात कापल्यासारख्या देखण्या लहरी दाखवल्या: पत्ता बरोबर, घड्याळ बरोबर, फक्त आठ बिटांनंतरच्या नवव्या ठोक्याला सेन्सरने द्यायची ‘मिळाले’ अशी पोच नाही. दोष सेन्सरचाच, असा निकाल देऊन मी एकामागून एक तीन नवे सेन्सर लावले आणि तिघांनीही तितक्याच निष्ठेने मौन पाळले.

मग स्कोप आलाच. त्याने ३.३ व्होल्टच्या पुरवठ्यावर थेट ३३ व्होल्ट दाखवले, तेव्हा मी टेबलापासून दोन पावले मागे सरलो. प्रोबवरचे, म्हणजे तारेला टेकवायच्या स्कोपच्या टोकावरचे, बटण १एक्सवर (सिग्नल आहे तसा) असून स्कोप मात्र १०एक्स (सिग्नल दहापट घटवलेला) धरून चालला आहे, हे ध्यानात यायला अर्धा तास गेला. त्यानंतर घड्याळाच्या तारेवर प्रोब टेकवला. लहर दमेकऱ्याने जिना चढावा तशी वाकत वाकत जेमतेम दोन व्होल्टपर्यंत चढत होती आणि तिथून धपकन खाली पडत होती. ॲनालायझर दीड व्होल्टलाच ‘एक’ म्हणून मोकळा होत होता. सेन्सरला मात्र पुरवठ्याच्या ७० टक्के, म्हणजे २.३ व्होल्ट हवे होते. तारांना पुरवठ्याच्या व्होल्टेजपर्यंत वर ओढणारे ४.७ किलोओहमचे दोन रेझिस्टर मी लावलेच नव्हते. मायक्रोकंट्रोलरच्या पोटातले दुबळे रेझिस्टर तेवढे काम करतील, अशी माझी समजूत होती.

ते दोन रेझिस्टर खणातच सापडले. ते जोडताच, टाकाऊ ठरवलेल्या पहिल्या सेन्सरसकट चौघांनीही पाळीपाळीने खोलीचे तापमान बिनतक्रार सांगितले. मी मात्र स्कोपसमोरून हललो नाही. आता काटकोनात चढणारी तीच लहर २०० मेगाहर्ट्झच्या स्कोपवर आणखी ताठ दिसली असती का, हे मला पाहायचे होते.