गुलाब फेकणारा प्रत्येक जण रोबेर्तो कार्लोस नव्हे

‘ब्राझीलचा फुटबॉलपटू रोबेर्तो कार्लोस आता प्रेमगीतं गातो’ असं सांगत व्हिडिओ पुढे ढकलले जातात. साफ चूक. गायक रोबेर्तो कार्लोस वेगळे, जन्म १९४१चा. २००२चा विश्वचषक जिंकणारा डावखुरा बचावपटू त्यांच्याहून जवळपास ३२ वर्षांनी धाकटा.

आणि पुष्कळदा व्हिडिओत हे गायकही नसतात! निळा-पांढरा सूट, मानेवर रुळणारे केस, शेवटी गुलाबाचं चुंबन घेऊन तो गर्दीत भिरकावणं, एवढ्या भांडवलावर कार्यक्रम करणारे त्यांचे तोतये ब्राझीलमध्ये आहेत. तोतये म्हणणंही जरा अन्यायाचंच, कारण हा खरा ‘राजा’ (चाहते गायक रोबेर्तो कार्लोस यांना याच नावानं ओळखतात) नव्हे हे माहीत असूनच चाहते त्यांच्या गुलाबासाठी हात उंचावतात. खरे बघायचे असतील तर ब्राझीलच्या ग्लोबो वाहिनीवरचे, १९७४पासूनचे त्यांचे वर्षअखेरीचे कार्यक्रम शोधा.