ब्रेक नवे, लिव्हर जुना आणि शिव्या चिखलाला

जून उजाडला की तोच तमाशा. नव्वदच्या दशकातली एमटीबी (डोंगरी सायकल) दुकानात येते, चिखलात ब्रेक लागत नाहीत ही तक्रार, आणि उत्तर ठरलेलं: "व्ही-ब्रेक (उभ्या लांब हातांचे नवे रिम-ब्रेक) टाका!" टाकले. लिव्हर मात्र जुनाच ठेवला! अहो, कँटिलिव्हरचा (रिमच्या दोन बाजूंना दोन हात आणि त्यांना जोडणारी आडवी वायर, असा जुना ब्रेक) लिव्हर वायर थोडीशीच ओढतो, व्ही-ब्रेकला जवळपास दुप्पट ओढ लागते. मग लिव्हर हँडलला टेकतो, म्हणून ब्रेकचे रबर रिमला खेटून बसवायचे. कोरड्या डांबरावर खपून जातं. कोकणातल्या लाल चिखलात पहिल्याच उताराला रिमवर राप चढतो आणि चाक घासत बसतं. उलटी जोडी, म्हणजे व्ही-ब्रेकचा लिव्हर आणि कँटिलिव्हर ब्रेक, लावली तर लिव्हर दगडासारखा कडक, आणि सायकल थांबायचं नाव नाही.

मुळात कँटिलिव्हर एवढे टाकाऊ आहेत का? बाहेर पसरलेल्या हातांचे असले तर टायरच्या बाजूने चिखलाला भरपूर वाट मिळते. सायक्लोक्रॉसवाल्यांनी (चिखलातल्या सायकल शर्यतीवाल्यांनी) उगाच नाही ते वर्षानुवर्षं वापरले! आडवी वायर जितकी खाली, तितका जोर जास्त. फक्त टायरवर बोटभर जागा सोडा. आणि पुढच्या चाकावर ती वायर अडवायला मडगार्ड किंवा रिफ्लेक्टरची पट्टी हवीच. मुख्य वायर तुटली की आडवी वायर उंचवट्यांच्या टायरवर पडते, चाक जाम होतं आणि माणूस हँडलवरून पुढे. ती पट्टी "कशाला हवी" म्हणून काढून फेकणारे धन्य आहेत. ऐंशीच्या दशकात मागचा यू-ब्रेक (टायरवरून कमानीसारखा वळलेला ब्रेक) पॅडलच्या मागे, खालच्या नळ्यांखाली बसवायचं डोकं ज्याने लढवलं, त्यालाही नमस्कार. सगळा चिखल नेमका तिथेच साठतो!

"डिस्क ब्रेक लावा" म्हणणाऱ्यांनी फ्रेमवर आणि फोर्कवर कॅलिपरची (चकती आवळणाऱ्या चिमट्याची) बैठक आहे का, एवढं तरी वाकून बघावं.

आता रबर. स्वस्तातले कडक काळे रबर ओल्या रिमवर नुसते सरकतात. कूल-स्टॉप कंपनीचे सामन (केशरट गुलाबी) रंगाचे घ्या. रिमपासून दोन्हीकडे दीड-दोन मिलिमीटर अंतर, पुढचं टोक मागच्यापेक्षा एक मिलिमीटर आत. मागच्या टोकाखाली पुठ्ठ्याचा तुकडा धरून आवळलं की जमतं. कँटिलिव्हरचे रबर झिजले की रिमखाली घसरून आऱ्यांकडे जातात, यू-ब्रेकचे वर चढून टायर कापतात. दर चिखलानंतर रबरात रुतलेले ॲल्युमिनियमचे कण टाचणीने उकरा. ते राहिले की ब्रेक रिमवर कानसच चालवतो. रिमच्या कडेला पट्टी उभी लावून बघा. मधे खोलगट दिसलं तर ती रिम भंगारात. वर कितीही महाग ब्रेक बसवा, पातळ झालेली भिंत टायरच्या हवेनेच फुटते.