तो सूर चुकलेला नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया आली त्याच दिवशी वाचली, पण उत्तर द्यायला आठवडा लागला. ती गाणी पुन्हा एकदा तुमच्या कानांनी ऐकायची होती.

बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगतो. मी अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मिसिसिपी डेल्टातल्या जुन्या स्लाइड गिटारबद्दल, म्हणजे बोटात नळी किंवा बाटलीची मान घालून ती तारांवर सरकवत वाजवलेल्या गिटारबद्दल, लिहिलं होतं आणि चार्ली पॅटन व सन हाउस या ब्लूज गाणाऱ्या काळ्या गायक-वादकांची १९२९-३०मधली ध्वनिमुद्रणं ऐकायला सुचवलं होतं. तुम्ही पंचवीस वर्षं गिटार वाजवता. लेख वाचून तुम्ही ती मुद्दाम ऐकलीत आणि लिहिलंत, की गिटार बेसूर आहे, ताल मधेच तुटतो, तारा खडखडतात. हा कच्चा माल आहे, त्याचं सोनं पुढच्या रॉकवाल्यांनी केलं. आणि मी त्या माणसांची गरिबी पाहून भारावलोय, असंही तुम्ही म्हटलंत.

शेवटचा मुद्दा मला लागला, कारण त्यात तथ्य आहे. त्याच्याकडे येतोच. आधी सुराचं बोलू, कारण तिथे मी तसूभरही मागे हटणार नाही.

गिटारच्या मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांनी, म्हणजे फ्रेटनी, सप्तकाचे बारा भाग केलेले असतात. कोमल गंधार एका पट्टीवर, शुद्ध गंधार पुढच्या पट्टीवर, आणि मधे काही नाही. ब्लूज गाणाऱ्याचा गळा मात्र नेमका त्या ‘काही नाही’मध्ये वावरतो. त्याचा गंधार कोमलपेक्षा चढा असतो आणि शुद्धपेक्षा उतरलेला, शिवाय तो एका जागी उभा राहत नाही. खालून येतो, जरा हेलकावतो, कधी वरच्या घराला हात लावून परत फिरतो. बोटाने दाबून वाजवणाऱ्याला हा सूर मिळवायचा तर तार ओढावी लागते. करंगळीत बाटलीची मान घातली, की फ्रेट फक्त खुणेपुरते उरतात आणि सगळी तार मोकळी होते. मींड ऐकत वाढलेल्या आपल्या कानाला ही गोष्ट परकी वाटायचं कारण नाही. हातात गिटार दिसते म्हणून आपण पियानोचे सूर अपेक्षित धरतो, एवढंच.

सन हाउसचं १९३०चं ‘माय ब्लॅक मामा’ पुन्हा लावा. दर कडव्यात तो त्याच जागी येतो आणि तोच ‘बेसूर’ सूर त्याच उंचीवर लावतो. मी मोजत बसलो होतो. हात चुकणारा माणूस दर वेळी वेगळा चुकतो.

हे मला कानाने कळायच्या आधी हाताने कळलं. काही वर्षांपूर्वी नळकामाच्या दुकानातून पितळी नळीचा बोटभर तुकडा कापून आणला आणि करंगळीत घातला. वाटलं होतं, दाबायचं नाही, नुसतं सरकवायचं, म्हणजे सोपंच असेल. तीन महिने घरच्यांनी सहन केलं. बोटाने वाजवताना आपण फ्रेटच्या अलीकडे दाबतो. स्लाइड मात्र फ्रेटच्या तारेच्या बरोब्बर वर यावी लागते, केसभर इकडेतिकडे झालं तरी ऐकू येतं. जोर जास्त झाला की तार पट्टीवर आपटते, कमी झाला की कण्हते. स्लाइडच्या मागच्या बाजूलाही तार थरथरत असते, ती मागच्या बोटांनी हलकेच झाकायची असते. आणि हे चालू असताना उजव्या हाताचा अंगठा खर्जाच्या तारांवर ठेका धरून असतो, वर माणूस गातही असतो. तुम्ही वाजवणारे आहात, म्हणून एवढं लिहिलं. याला कच्चं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

खडखडीबद्दल दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. पॅटन आणि हाउस यांच्या तबकड्या काढणारी पॅरामाउंट ही विस्कॉन्सिनमधल्या एका खुर्च्या बनवणाऱ्या कंपनीची शाखा होती. फोनोग्राफची कपाटं बनवता बनवता ती तबकड्यांकडे वळली. तबकडीची लाख हलक्या प्रतीची, मुद्रण बेताचं, आणि कंपनी बुडाल्यावर मूळ धातूचे साचे भंगारात गेले. आज आपण ऐकतो ते बरंचसं मोजक्या उरलेल्या, घासून झिजलेल्या प्रतींवरून उतरवलेलं आहे. तो खरखराट गिटारचा नाही. दुसरी खडखड मात्र वाजवणाऱ्याची स्वतःची, हवी म्हणून केलेली. पॅटन गिटारच्या पोटावर थाप मारतो, तार ओढून सोडून देतो. शनिवारी रात्री भरलेल्या खोलीत माणसं नाचतायत, मायक्रोफोन नाही, आणि एकट्याने सगळ्यांना नाचवायचंय. १९२७पासून नॅशनल कंपनीच्या धातूच्या, आत अॅल्युमिनियमची चकती असलेल्या गिटारी निघाल्या, त्याही आवाज मोठा व्हावा म्हणूनच.

ताल तुटतो, हे तुमचं म्हणणं मी पायाने ठेका धरून तपासलं. लय कुठेही ढळत नाही. कमीजास्त होतं ते आवर्तन. ब्लूजच्या कडव्याचा बारा बारचा, म्हणजे बारा सारख्या मापांचा, साचा आपण पुस्तकातून शिकतो. हे लोक एकटे वाजवत होते, सोबतच्या बँडला सांभाळायचं नव्हतं. ओळ लांबली तर मात्रा वाढतात, गिटारला उत्तर पटकन सुचलं तर दोन मात्रा आधीच पुढची ओळ येते. नाचणाऱ्याला पायाखाली ठोका लागतो, आणि तो अखंड असतो.

आता मला ज्याच्यावर खरं तर सगळा लेख लिहायला हवा होता, ते. स्लाइड इथे साथीला नसते, ती गाणारा दुसरा गळा असते. पॅटनचं १९२९चं ‘अ स्पूनफुल ब्लूज’ घ्या. तो ओळ सुरू करतो आणि शेवटचा ‘स्पूनफुल’ हा शब्द बऱ्याचदा म्हणतच नाही. तो शब्द तार म्हणते, आणि आपल्याला शब्द ऐकू येतो! मी हे गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा उठून उभा राहिलो होतो. मिसिसिपीच्या टेकड्यांमधला, कोमो गावचा फ्रेड मॅकडॉवेल हेच वेगळ्या रीतीने करायचा. आधी काही काळ तो गाईच्या बरगडीच्या घासलेल्या हाडाने वाजवायचा, नंतर काचेने. त्याच्या ‘यू गॉटा मूव्ह’मध्ये गळा आणि तार एकाच वाटेने, खांद्याला खांदा लावून चालतात. रोलिंग स्टोन्सनी तेच गाणं १९७१मध्ये केलं. तुम्हाला ते आवडतं, मलाही आवडतं. दोन्ही लागोपाठ ऐका आणि मॅकडॉवेलच्या गाण्यात नेमकं काय अर्धवट होतं, जे दुसऱ्यांनी पूर्ण केलं, ते मला दाखवा.

टेक्ससचा ब्लाइंड विली जॉन्सन डेल्टाचा नव्हे, आणि तो ब्लूज नव्हे तर देवाची गाणी गायचा. तरी इथे त्याचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. डिसेंबर १९२७मध्ये डॅलसला त्याने ‘डार्क वॉज द नाइट, कोल्ड वॉज द ग्राउंड’ वाजवलं. त्यात एकही शब्द नाही, नुसतं गुणगुणणं आणि स्लाइड. १९७७मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी अवकाशात गेली, तिच्यावर हे गाणं आहे, आणि त्याच्या लगेच आधी आपल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी, ‘जात कहाँ हो’. साडेतीन मिनिटं केसरबाई, मग सव्वातीन मिनिटं जॉन्सन. मी दोन्ही त्याच क्रमाने, मधे न थांबता ऐकतो. केसरबाईंच्या कोमल स्वरांची जागा पेटीवर शोधायला जाणाऱ्याला आपण काय म्हणू?

आता तुमचा खरा मुद्दा.

मी लेखात ‘बाहेरचं काही न शिवलेलं, अस्सल मातीतलं संगीत’ असं लिहिलं होतं. ते चुकलं आणि ते मी मागे घेतो. डेल्टा म्हणजे मिसिसिपी आणि याझू या नद्यांमधला गाळाचा सपाट पट्टा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत त्याचा मोठा भाग दलदलीचं जंगलच होता. ते तोडून, बांध घालून, रूळ टाकून कापसाची जमीन तयार झाली, आणि कामाला चहूकडून काळी कुटुंबं आली. पॅटन ज्या डॉकरीच्या मळ्यावर वाढला, तो मळाच १८९५चा. म्हणजे ‘पुरातन’ असं तिथे फारसं काही नव्हतं. गिटार टपालाने, शिकागोच्या कॅटलॉगमधून यायची. ज्या दोन पद्धतींनी हे लोक तारा मिळवायचे, त्यांची नावं ‘स्पॅनिश’ आणि ‘व्हॅस्टपोल’. दोन्ही एकोणिसाव्या शतकात दिवाणखान्यात वाजणाऱ्या गिटारच्या छापील तुकड्यांवरून आलेली. घराच्या भिंतीला केरसुणीची तार ठोकून, खाली बाटली सरकवून पोरं एकतारी वाजवायची. तिचं मूळ अभ्यासक पश्चिम आफ्रिकेत दाखवतात. आणि १९१५च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनानंतर हवाईयन गिटारचं, म्हणजे मांडीवर ठेवून तारांवर धातूची कांडी सरकवत वाजवायच्या गिटारचं, वेड अमेरिकाभर पसरलं, तेही कानावर पडतच होतं.

या हवाईयन गिटारची एक फांदी आपल्याकडेही आली. टाउ मो हा वादक १९४०च्या दशकात कलकत्त्याला राहिला, पुढे रेडिओवर हिंदी गाण्यांच्या धुना स्लाइडवर वाजू लागल्या, ब्रिजभूषण काब्रांनी तिच्यावर राग वाजवला. हिंदी सिनेमाच्या धुना अशा गिटारवर वाजवणारा व्हॅन शिप्ले ऐकलेल्या पिढीला पॅटनचा नातलग घरातच भेटलेला आहे.

गरिबीबद्दलही तुमचं बरोबर आहे. वर्षभर बटाईने कापूस पिकवायचा आणि हिशेबाच्या दिवशी मालकाचंच देणं अंगावर निघायचं, हे हजारो घरांचं होतं. पॅटन मात्र एक होता. दारिद्र्याने गाणं आपोआप येत नाही. उलट पॅटन हा नाव झालेला, बोलावणी येणारा, तबकड्या खपणारा कलावंत होता, आणि शेतात राबण्यापेक्षा वाजवून पोट भरणं त्याने जाणूनबुजून निवडलं. सन हाउस आधी प्रवचनं करायचा, ब्लूजला पाप समजायचा. पंचविशीत कुणाची तरी बाटली तारेवर सरकताना ऐकली आणि मग त्याने गिटार धरली. १९२७मध्ये मिसिसिपीचे बांध फुटले, ग्रीनव्हिलच्या बांधावर काळ्या मजुरांना अडकवून राबवलं गेलं. त्या पुरावर पॅटनने तबकडीच्या दोन बाजू भरून गाणं केलं. उंचावरच्या गावाकडे जायचं होतं पण मला अडवलं, असं तो त्यात गातो. मी त्याच्याबद्दल लिहिताना ‘भोळा’ हा शब्द वापरला होता. तो शब्द मला आता छळतो.

तुमचा ‘कच्चा माल’ हा शब्दही मात्र जाऊ द्या. डेल्टातल्याच मडी वॉटर्सने १९४१मध्ये स्टोव्हॉलच्या मळ्यावर एक गाणं, लोकगीतं मुद्रित करत फिरणाऱ्या अॅलन लोमॅक्सच्या यंत्रावर, साध्या गिटारने गायलं. १९४३मध्ये तो शिकागोला गेला, आणि १९४८मध्ये तेच गाणं वेगळ्या नावाने, विजेच्या गिटारवर आलं. दोन्हींत स्लाइड तीच, हात तोच. शहरात गोंगाट मोठा होता म्हणून आवाज मोठा झाला.

तुमच्यासारखंच आणखी एकाला वाटलं होतं. १९०३च्या सुमारास डब्ल्यू. सी. हँडी हा शिकलेला, बँड चालवणारा काळा संगीतकार डेल्टातल्या टटवायलरच्या स्टेशनवर रात्री उशिरा येणाऱ्या गाडीची वाट पाहत होता. शेजारी फाटक्या कपड्यातला एक माणूस गिटारच्या तारांवर सुरी दाबून वाजवत, एकच ओळ तीनदा गात होता. इतकं विचित्र संगीत आपण कधी ऐकलं नव्हतं, असं हँडीने पुढे आत्मचरित्रात लिहिलं. त्याला ते विसरता आलं नाही.

म्हणून एक विनंती. तुमची गिटार घ्या. सहावी आणि पहिली तार ई वरून डी वर उतरवा, पाचवी ए वरून जी वर. मधल्या तिन्ही तशाच राहू द्या. पाचवी तार अंगठ्याने वाजवत ठेवा, तो तुमचा सा. करंगळीत काहीही गुळगुळीत, जड घाला आणि पहिल्या तारेवर आठव्या आणि नवव्या फ्रेटच्या मधे, डोळे मिटून, हळूहळू सरका. कुठे थांबावंसं वाटलं, ते मला जरूर कळवा.