बाई, ते वाक्य खोटं होतं

नमस्कार बाई,

तुम्ही नाव लिहिलेलं नाही, पण 'फोंड्याच्या शाळेत चौतीस वर्षं मराठी शिकवलं' असं लिहिलंत. गोव्यात एवढं कळलं की माणूस आपसूक 'बाई' म्हणतो, तेव्हा रागावू नका.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन रमीचं माझं व्यसन कसं सुटलं, यावरचा 'मोहावर जय' हा माझा लेख वाचून तुम्ही जे लिहिलंत ते इतरांसाठी आधी थोडक्यात सांगतो. तुमच्या शेजाऱ्याचं शनिवारी कुमसार (पाद्रीसमोर पापांची कबुली), रविवारी मीस (चर्चमधली प्रार्थना) आणि सोमवारी संध्याकाळी पुन्हा बाटली, हे तुम्ही वीस वर्षं बघताय. क्षमा एवढी स्वस्त मिळाली तर पाप कोण सोडेल, असं तुम्ही विचारलंत. आम्ही ख्रिस्ती लोक आपल्या कर्माचं बिल सैतानाच्या नावावर फाडतो, माणसाला संयम आणि चांगली सवय पुरे, असंही म्हणालात. आणि शेवटी माझंच एक वाक्य माझ्यासमोर धरलंत: '2023 च्या उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) मी गुडघे टेकले आणि रमीची इच्छा त्याच क्षणी मेली.' त्यावर तुमचा शेरा: 'हे वाचून एखादी बायको नवऱ्याला डॉक्टरकडे न्यायचं सोडून चमत्काराची वाट बघत बसेल. त्याची जबाबदारी कोण घेणार?'

मी घेतो. शेवटच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करतो, कारण ते वाक्य खोटं आहे.

7 एप्रिल 2023 ला, उत्तम शुक्रवारच्या उपासनेत मी गुडघे टेकले हे खरं. रडलो हेही खरं. त्यानंतर जवळजवळ अकरा महिने मोबाइलवर पत्ते उघडले नाहीत. पण मार्च 2024 मध्ये मी पुन्हा खेळलो. रात्रपाळी संपवून वेर्ण्याहून कंपनीच्या बसने वास्कोला येत होतो. पगार झाला होता. शेजारच्या सीटवरचा पोरगा झोपी गेला होता, हातातला फोन चालूच, आणि पडद्यावर तेरा पत्ते उघडे. मी मनातल्या मनात त्याचे पत्ते लावून दिले. एवढंच. बस झुआरीनगरला पोचेपर्यंत ॲप माझ्या फोनवर परत आलं होतं.

त्या आठवड्यात पगारातले 9,000 गेले. मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, सभागृहाला नवे स्पीकर घ्यायचे म्हणून घरोघर फिरून गोळा केलेले 18,000 माझ्याकडे होते. कपाटात, स्टीलच्या डब्यात, रबरबँड लावून. त्यातले आधी 2,000 काढले, सोमवारी परत ठेवतो म्हणून. शुक्रवारी डब्यात फक्त रबरबँड होता.

लेखात हे मी गाळलं. आमच्याकडे साक्ष देण्याची, म्हणजे प्रभूने आपल्याला कसं सावरलं ते चारचौघांत सांगण्याची, एक ठरलेली चाल असते: आधी अंधार, मग प्रभू भेटला, मग उजेड. उजेडानंतर पुन्हा अंधार पडल्याचं कुणी सांगत नाही, कारण मग आधीचा उजेड खरा होता का असा प्रश्न येतो. वास्तविक शास्त्रात, म्हणजे बायबलात, हे सरळ लिहिलेलं आहे. रानात चाळीस दिवस उपास झाल्यावर येशूची तीनदा परीक्षा झाली, तिन्ही वेळा सैतान हरला, आणि लूकच्या चौथ्या अध्यायात पुढे काय येतं? तो संधी मिळेपर्यंत त्याला सोडून गेला. संधी मिळेपर्यंत! खुद्द प्रभूच्या बाबतीत असं असेल, तर माझा कायमचा निकाल एका शुक्रवारी लागला असं मी कोणत्या तोंडाने लिहिलं? पण लिहिलं, आणि खाली चाळीसेक 'आमेन' गोळा केले. ते वाक्य आता लेखात खोडलेलं दिसेल, पुसलेलं नाही.

डॉक्टरांबद्दल तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य. रोज भरपूर पिणाऱ्याने एका रात्रीत दारू तोडली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी जीवही जातो. तिथे पाळकाच्या (आमच्या धर्मगुरूच्या) आधी डॉक्टर लागतो. बांबोळीला मानसोपचाराची सरकारी संस्था आहे, आणि 14416 वर टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, फोन लागतो. मी स्वतः डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी देवाबद्दल काही विचारलं नाही. पहिला प्रश्न होता, 'पगार कोणाच्या खात्यात येतो?' आता तो संयुक्त खात्यात येतो आणि एटीएम कार्ड बायकोच्या पर्समध्ये असतं. यात मला अश्रद्धा दिसत नाही. हात तुटला तर आम्ही प्लास्टर घालतोच की.

आता सैतानाच्या नावावरचं बिल. बायबलातल्या याकोबाच्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात म्हटलंय की माणूस मोहात पडतो तो स्वतःच्याच वासनेने ओढला जाऊन. म्हणजे बिल परत आपल्याच टेबलावर. तुम्ही मराठी शिकवलंत, तेव्हा दुर्योधनाच्या तोंडचा तो श्लोक तुम्हाला पाठ असणार: 'जानामि धर्मं न च मे प्रवृत्तिः'. धर्म कळतो पण वळत नाही, अधर्म कळतो पण सुटत नाही. येशूचा प्रेषित पौल, त्याने बायबलातल्या रोमकरांच्या पत्रात, सातव्या अध्यायात, जवळजवळ हेच लिहिलंय: जे करावंसं वाटतं ते मी करत नाही, ज्याचा द्वेष करतो तेच करतो. इतकं साम्य की मी पहिल्यांदा दोन्ही एकत्र वाचलं तेव्हा पान उलटायचं विसरलो. पण दुसऱ्या ओळीत वाटा फुटतात. दुर्योधन म्हणतो, हृदयात बसलेला कोणी देव जसं नेमतो तसं मी करतो. झालं, सुटला. पौल म्हणतो, किती कष्टी माणूस मी, मला कोण सोडवील? एकाने देवाच्या नावावर बिल फाडलं, दुसऱ्याने हाक मारली. आमच्यातही दुर्योधन पुष्कळ आहेत, हे तुमचं निरीक्षण मी नाकारत नाही.

सैतानाचा पत्ता बाहेर कुठेतरी असणं फार सोयीचं असतं. आमच्या मंडळीत मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटींविरुद्ध कळकळीने प्रार्थना व्हायची, आणि मी शेवटच्या बाकावर डोळे मिटून 'आमेन' म्हणायचो, खिशात फोन. गोव्याच्या माणसाला त्या बोटी 1 फेब्रुवारी 2020 पासून बंद आहेत, निदान कागदावर. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळही कायद्याने बंद केले. बरं झालं. पण ॲप बंद पडल्यानंतरच्या पहिल्या पगाराला मी चहाच्या गाड्यावर मटक्याच्या आकड्याची चौकशी केली. आकडा लावला नाही, पण चौकशी केली. हेही आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा खुलासा लिहावा लागेल.

आणि क्षमा स्वस्त असण्याबद्दल. कृपा वाढावी म्हणून पाप करत राहावं काय, हा प्रश्न पौलाला त्याच्या काळीच पडला होता, रोमकर सहावा अध्याय. उत्तर 'कधीच नाही'. तेव्हा तुम्ही जुन्या आणि चांगल्या संगतीत आहात. आमची मराठी मंडळी नगरकडून आलेली, प्रॉटेस्टंट; आमच्यात कुमसार नाही. तरी कॅथलिक शेजाऱ्यांच्या वतीने एवढं सांगतो की पाद्रीच्या कानात सांगितलं की काम संपलं, असं त्यांचा चर्चही मानत नाही. मनापासून पश्चात्ताप हवा, पुन्हा न करण्याचा निश्चय हवा, चोरलं असेल तर परत करायला हवं. तुमचा शेजारी यातलं काय करतो ते मला माहीत नाही. कदाचित तुम्ही म्हणता तसा ढोंगीच असेल. पण वीस वर्षं दर शनिवारी जाऊन 'पुन्हा तेच' म्हणणं मला तरी स्वस्त वाटत नाही. मला एकदा म्हणायला तीन आठवडे लागले.

बायको तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, साफ करत होती. विळी, बाजूला पातेलं, आणि ती एकेक शिंपली बोटाने वाजवून बघत होती. बंद शिंपलीत कधी नुसता चिखल भरलेला असतो, आणि तशी एक जरी कालवणात गेली तर सगळं पातेलं ओतावं लागतं. मी दारात उभा राहून म्हणालो, 'डब्यातले पैसे गेले.' तिने वर पाहिलं नाही. 'किती?' 'सगळे.' 'आणि घरचे?' मी आकडा सांगितला. तिने हातातली शिंपली वाजवली, बाजूला टाकली, पुढची घेतली. सगळ्या तिसऱ्या संपेपर्यंत एक शब्द बोलली नाही. मग हात धुतले आणि म्हणाली, 'पाळकसाहेबांकडे आज जायचं. मी येते.'

पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, आणि लगेच खजिनदारांना बोलावून घेतलं. दरमहा 3,000, सहा महिने. बायबलातल्या जक्कय जकातदाराने लुबाडलेलं चौपट परत देईन म्हटलं होतं, त्या मानाने मला सवलतच मिळाली. क्षमाही त्याच संध्याकाळी मिळाली. पण दानाची पिशवी माझ्या हातात ते अजून देत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. बाई, तुम्हाला जी क्षमा स्वस्त वाटते तिची बाजारातली किंमत ही.

मग संयम आणि सवय पुरे, विश्वास कशाला? हा तुमचा खरा प्रश्न, आणि यावर मी बराच अडलो. मी एवढंच सांगू शकतो की डब्यातून पहिले 2,000 काढले ती हाव होती. उरलेले 16,000 हावेने गेले नाहीत, शरमेने गेले. संयम तुटला होता, मग मी कसला विश्वासणारा, आता कुठे तोंड दाखवणार, निदान पैसे जिंकून डबा भरून ठेवावा म्हणजे कुणाला कळणार नाही. ज्याची सगळी मदार स्वतःच्या संयमावर असते, तो संयम तुटल्यावर जातो कुठे?

यहूदा आणि पेत्र या येशूच्या दोन शिष्यांकडे मी त्यानंतर वेगळ्या नजरेने बघायला लागलो. दोघे एकाच रात्री पडले: यहूदाने पैसे घेऊन येशूला धरून दिलं, पेत्राने त्याला ओळखतच नाही असं तीनदा म्हटलं. मत्तयाचा सत्ताविसावा अध्याय काढून बघा: यहूदाला पस्तावा झाला, त्याने तीस रुपये परत नेले, मी पाप केलं असं याजकांसमोर (मंदिरातल्या पुरोहितांसमोर) उघड बोलला. कबुली झाली, भरपाई झाली. याजक म्हणाले, त्याचं आम्हाला काय, तुझं तू बघ. आणि त्याने जाऊन गळफास घेतला. पेत्राने तर काहीच भरपाई केली नव्हती. तो नुसता रडला, आणि नंतर किनाऱ्यावर मेलेल्यांतून उठलेला येशू दिसताच होडीतून पाण्यात उडी टाकून त्याच्याकडे गेला. तिथे कोळशाचा विस्तव होता, त्यावर मासळी होती, आणि तीनदा नाकारणाऱ्याला तीनदा एकच प्रश्न होता, माझ्यावर प्रीती करतोस का. 'तुझं तू बघ' असं न म्हणणारा कुणीतरी आहे, याला मी विश्वास म्हणतो. तो असल्यामुळे स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाता आलं. इच्छा मेली वगैरे काही नाही, ती जिवंत आहे.

सवयीचं म्हणाल तर तीही हवी, आणि ती मी चक्क एका जेझुइटाकडून, म्हणजे कॅथलिक संघातल्या साधूकडून, उचलली. जुन्या गोव्यात ज्याचं शव आहे त्या झेवियरचा सोबती आणि गुरू इग्नेशियस, त्याच्या 1548 मध्ये छापलेल्या साधनेच्या पुस्तकात एक साधी युक्ती आहे. एकच दोष निवडायचा, दिवसातून दोनदा स्वतःला विचारायचं, आणि जितक्या वेळा पडलो तितके ठिपके त्या दिवसाच्या रेघेवर द्यायचे. मग आजची रेघ कालच्याशी ताडून बघायची. (आमच्या मंडळीतल्या जुन्या लोकांना हे कळलं तर मी पोपचा माणूस झालो म्हणतील.) माझे ठिपके कालनिर्णयवर असतात, दुधाच्या हिशोबाशेजारी, पेन्सिलने. खेळण्याचा ठिपका मार्च 2024 नंतर नाही. लपवण्याचे ठिपके अजून पडतात; बघितलं आणि सांगितलं नाही, विचारलं तेव्हा अर्धंच सांगितलं, असले. मटक्याच्या चौकशीचा ठिपका मी चार दिवस उशिरा दिला होता.

हे उत्तर टाकण्याआधी बायकोला वाचायला दिलं. तिने फोन परत देताना एकच दुरुस्ती सांगितली: पगारातले गेले ते 9,000 नव्हेत, 11,000. तिचंच बरोबर आहे. वरचा आकडा मी बदललेला नाही, आणि आजचा ठिपका देऊन आलो.