“5 मिनिटाच्या कामाला 2 दिवस” या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार भाऊ, तुमचा 1 स्टार आज सकाळी शटर वर करता करता वाचला. तुमचं सबमिशन लटकलं, धावपळ झाली, त्याबद्दल मनापासून सॉरी. फोन दोनदा उचलला गेला नाही हे पण खरं आहे. पण तुम्ही ग्रबबद्दल (मशीन चालू होताना कोणती सिस्टीम उघडायची ते विचारणारा प्रोग्राम) जे लिहिलं ना, की “ग्रब काढायचं 5 मिनिटाचं काम, यूट्यूबवर फुकट दाखवतात, यांनी 2 दिवस लावले आणि वरून 900 रुपये घेतले”, ते 5 मिनिट काही माझ्या गळ्याखाली उतरून नाही राहिलं, म्हणून थोडं लांब लिहितो, राग मानू नका.

जूनमध्ये याच लॅपटॉपवर विंडोजच्या बाजूला उबंटू ही दुसरी सिस्टीम मीच टाकून दिली होती. तेव्हा ग्रबच्या मेनूत विंडोज दिसतच नव्हतं, कारण 2.06 व्हर्जनपासून ते दुसरी सिस्टीम आपणहून शोधत नाही, ओएस प्रोबर, म्हणजे ते शोधणारं टूल, मुद्दाम चालू करून मेनू नव्यानं बनवायची अपडेट-ग्रब कमांड मारावी लागते. ते केलं. तुमचे बाबा बँकेच्या कामाला बसतात, त्यांना घाईत निवडता येत नाही म्हणाले म्हणून मेनू थांबायचा टाइमआउट 10 सेकंदाचा 30 केला आणि विंडोज डीफॉल्टला ठेवलं. त्याचे वेगळे पैसे घेतले का? नाही. रिव्ह्यूत ते कुठं आलं नाही, असो.

आता तुम्ही गेमसाठी जागा पाहिजे म्हणून डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन उबंटूचं पार्टिशन, म्हणजे डिस्कमधला त्याचा भाग, डिलीट मारलं. पार्टिशन गेलं, पण ग्रबची छोटी फाइल ईएफआय पार्टिशनमध्ये (मशीन सुरू करायच्या फाइल असतात तो वेगळा भाग) तशीच राहिली, म्हणजे घर पाडलं आणि फाटकावरची पाटी ठेवली. मशीन चालू झालं की तीच पहिले उठते, मेनू शोधते, मेनू तर डिलीट झालेल्या पार्टिशनमध्ये होता, मग काळा स्क्रीन आणि त्यावर नुसतं “ग्रब” लिहून थांबलेलं. इथपर्यंत आले असते ना भाऊ, तर खरंच 5 मिनिट. त्या स्क्रीनवर एक्झिट टाइप करून एंटर मारलं तरी बहुतेक वेळा विंडोज सुरू होते, नाही तर बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन विंडोज बूट मॅनेजर पहिल्या नंबरवर घ्यायचं. असं काम मी चहा पिता पिता करून देतो, पैसे पण मागत नाही बरेचदा.

पण तुम्ही त्याच्या आधी व्हिडिओ बघून बूट दुरुस्तीचं बूटरेक फिक्सएमबीआर मारलं. ते जुन्या मशीनसाठी, जिथं डिस्कच्या पहिल्या 512 बाइटच्या सेक्टरमधून बूट होते. तुमचं यूईएफआय, म्हणजे नव्या पद्धतीनं सुरू होणारं आहे, त्याला त्या सेक्टरशी घेणंदेणं नाही. मग फिक्सबूट मारलं तर अ‍ॅक्सेस डिनाइड आलं. मग बायोसमध्ये सिक्युअर बूट (अनोळखी प्रोग्रामला मशीन सुरू करू न देणारं सेटिंग) बंद केलं, आणि तिथंच कुठं तरी क्लिअर टीपीएमवर (टीपीएम म्हणजे किल्ल्या सांभाळणारी चिप) येस दाबलं. हे मी मनचं नाही सांगून राहिलो, काउंटरवर तुम्हीच सांगितलं, माझा पोरगा पण उभा होता. सी ड्राइव्हला बिटलॉकर, म्हणजे डेटाचं कुलूप होतं, त्याची किल्ली टीपीएममध्येच राहते, ती पुसली गेली. मी सिक्युअर बूट परत चालू करून पाहिलं, विंडोजला पहिलं केलं, तरी निळा स्क्रीन 48 आकडी रिकव्हरी की मागायचं सोडेना. तिथं कोणाचाच इलाज चालत नाही. डेटा उडवून फॉरमॅट मारलं असतं तर त्याच रात्री दिलं असतं, पण तुमचा प्रोजेक्ट त्यात होता आणि “भाऊ, डेटा जायला नको” हे तुम्हीच म्हणाले होते.

ती रिकव्हरी की होती तुमच्या पुण्याच्या चुलतभावाच्या अकाउंटमध्ये, कारण लॅपटॉप आधी त्यांचा. तुम्ही आले पोळ्याच्या दिवशी रात्री 8 ला, मी शटर ओढूनच राहिलो होतो, तरी ठेवून घेतला. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा आणि मारबत, म्हणजे आपल्या नागपुरातली मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक. मी इतवारीत राहतो, काळी-पिवळी मारबत निघाली की गल्लीतून गाडी काढता येते का सांगा बाप्पा? पोरीचा लाकडी बैल पण फिरवायचा होता. तुमचे दोन फोन त्या ढोल-ताशात गेले. 4 ला दुकान उघडलं, तर तोपर्यंत की आलीच नव्हती! भावानं फोटो पाठवला रात्री 10 वाजून 40 मिनिटांनी, तो पण हललेला. एका ठिकाणी 3 आहे की 8 समजेना. मग घरी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो, त्या कीच्या प्रत्येक 6 आकडी गटाला 11 ने पूर्ण भाग जातो, म्हणून दोन्ही आकडे टाकून पाहिले, 3 ला बाकी उरली, 8 ला नाही उरली. सकाळी 10 ला दुकानात येऊन टाइप केलं, विंडोज उघडलं, आधी तुमचा प्रोजेक्ट बाहेर कॉपी केला, ग्रबचं फोल्डर काढलं, रिकामी जागा सी ला जोडली, तीनदा रीस्टार्ट करून पाहिलं आणि 12 च्या आत तुम्हाला फोन केला. यातले 5 मिनिट कोणते ते तुम्हीच सांगा.

900 जास्त वाटले असतील तर पैसे देताना बोलायचं होतं, कमी केले असते. तेव्हा तुम्ही थँक्यू म्हणून गेले. या रिव्ह्यूनंतर दोन जणांनी फोन करून विचारलं की खरंच इतके दिवस लावता का, छोट्या दुकानाला हे परवडत नाही भाऊ.

यापुढे पावतीवर अंदाजे वेळ लिहून देत जाऊ, आणि सणासुदीला फोनचं पण काही तरी बघतो.

तुमचा निळा पेनड्राइव्ह इथंच राहिला आहे, गल्ल्यात ठेवला आहे. सीताबर्डीत आले की घेऊन जा, 11 नंतर या.