अहिंसा म्हणजे गुमान मार खाणं? नॅशव्हिल वाचा जरा

'एका गालावर मारली की दुसरा पुढे करा' वाला फॉरवर्ड परत फिरतोय आणि खाली सगळे खिदळतायत. अहिंसा म्हणजे बुळेपणा वाटत असेल तर अमेरिकेतलं १९६० चं नॅशव्हिल एकदा वाचाच.

तिथल्या मोठ्या दुकानांत काळ्या माणसाने कपडे घ्या, भांडी घ्या, पैसे चालायचे, पण त्याच दुकानातल्या लंच काउंटरवर बसून खायचं नाही. ह्याविरुद्ध डायन नॅश, जॉन लुईस अशी कॉलेजची पोरं उतरली, त्याच काउंटरवर जाऊन शांत बसून राहायचं असं ठरवून, आणि त्यांना तयार करणारे जेम्स लॉसन १९५३ ते ५६ आपल्या नागपुरात हिस्लॉप कॉलेजला होते! अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात काळ्या लोकांनी बसमधल्या भेदभावाविरुद्ध बसवर बहिष्कार टाकला, त्याची बातमी त्यांनी नागपुरातच पेपरात वाचली. (नागपूरकरांनो, संत्रा बर्फीइतका तरी ह्याचा गाजावाजा करा की.)

तर चर्चच्या तळघरात रीतसर प्रॅक्टिस व्हायची. एकाने खुर्चीवर बसायचं, बाकीच्यांनी त्याला घाण शिव्या द्यायच्या, तोंडावर सिगरेटचा धूर सोडायचा, ढकलून पाडायचं, आणि त्याने हात उचलायचा नाही. २७ फेब्रुवारीला गुंडांनी खरंच बडवलं, पोलिसांनी उचललं ते मार खाणाऱ्यांनाच, ८० च्या आसपास पोरं, पण एक बॅच गाडीत घातली की दुसरी येऊन त्याच स्टुलांवर बसायची. एवढं प्लॅनिंग आपल्याकडे निवडणुकीलाही नसतं.

आणि नुसतं बसल्याने दुकानदारांना पाझर फुटला असं काही नाही हं. ईस्टरच्या ऐन सीझनला काळ्या लोकांनी तिथली खरेदीच बंद केली, गल्ले बसले. मग १९ एप्रिलला पोरांचे वकील लूबी यांच्या घरावर बॉम्ब पडला, त्याच दिवशी हजारो लोक एक घोषणा न देता सिटी हॉलवर चालत गेले आणि डायन नॅशने महापौरांना तोंडावर विचारलं, रंगावरून भेदभाव करणं चूक आहे की नाही? ते म्हणाले, हो, चूक आहे. १० मे पासून काउंटरवर काळ्या गिऱ्हाइकांना वाढायला लागले. मला विचाराल तर दुकानदारांना सुटका कधीचीच हवी होती, महापौरांच्या उत्तराने निमित्त मिळालं.

लॉसनना मात्र ते शिकत होते त्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने ह्या आंदोलनापायी मार्चमध्येच काढून टाकलं होतं. पुढे २००६ ला त्याच विद्यापीठाने त्यांना शिकवायला बोलावलं. दुकानदार तीन महिन्यांच्या आत वळले, विद्वानांना ४६ वर्षं लागली.